मिरचीवरचा आळ

घरांत कांहीं बिघडलें, कीं त्याचा दोष कुणाच्या तरी माथीं मारल्याशिवाय मनुष्याला स्वस्थता लाभत नाहीं. मूल रडूं लागलें तर दृष्ट लागलेली असते, पीक बुडालें तर नक्षत्र आड आलेलें असतें आणि पोट दुखूं लागलें तर मिरची बाधलेली असते! या तिघां आरोपींपैकीं मिरची स्वभावतःच तोंडाळ. त्यामुळें तिच्यावरील आरोपाला पुरावा हवा असें कुणालाच वाटत नाहीं. जी जिभेवर एवढी आग पाखडते, ती पोटांत गेल्यावर काय गप्प बसणार?

माझें आजोळ जालना जिल्ह्यांतील केदारखेडा. भोकरदन तालुक्याचा हा मुलूख मिरचीचा. याच तालुक्यांतील पिंपळगांव रेणुकाईचा मिरचीबाजार दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. शेतांत मिरची आणि ताटांत भाकरीशेजारीं ठेचा, हा तेथील परिपाठ. अशा गांवीं राहून माझ्या मामांनीं ठेचा सोडला, याचें मोल परक्या माणसाला कळावयाचें नाहीं. छातीच्या खालीं आणि बेंबीच्या वर त्यांना कुरतडल्यासारखी कळ येई. उपाशीपोटीं व मध्यरात्रीं ती वाढे आणि दोन घांस पोटांत गेले कीं निवे. 'पित्त' हें निदान घरच्या घरींच झालें. सोडा झाला, ओवा झाला, थंड दूध झालें. मामी त्यांच्यासाठीं वेगळी अळणी भाजी शिजवूं लागल्या. गुडघे दुखत म्हणून घ्यावयाच्या वेदनाशामक गोळ्या मात्र बिनदिक्कत चालूं होत्या. त्या तिखट लागत नाहींत ना!

दुसऱ्या वर्षीं मामांना चालतांना धाप लागूं लागली. चेहरा पांढुरका दिसूं लागला. शौचास डांबरासारखें काळें होतें, ही गोष्ट त्यांनीं कुणासच सांगितली नव्हती. मामींच्या लक्षांत आली म्हणून मला कळली. लोहाच्या गोळ्यांनीं असा रंग येऊं शकतो, पण मामा तसलें कांहीं घेत नव्हते. हें काळेपण पोटांत वाहून, पचून आलेल्या रक्ताचें होतें. "मामा, उद्यां नको, आजच जालन्याला चला," मीं म्हटलें. ते खिन्नपणें म्हणाले, "तिखट तर सोडलंय रे बाबा, आतां आणखी काय सोडूं?"

जालन्यास दुर्बिणीनें तपासणी ठरली. या तपासणीची कुळकथा मोठी मौजेची आहे. कुसमाउल नांवाच्या जर्मन वैद्यानें १८६८ सालीं तलवार गिळण्याचा खेळ करणाऱ्या एका कसबी माणसाच्या घशांतून सरळ ताठ नळी उतरवून जठरांत डोकावून पाहिलें. तलवार गिळण्याची विद्या न येणाऱ्या तुमच्याआमच्यासारख्यांची सोय व्हावयास पुढें जवळजवळ नव्वद वर्षें लागलीं. १९५७ च्या सुमारास हिर्शोविट्झ यानें कांचतंतूंची लवचिक दुर्बीण प्रचारांत आणली. आतां तर नळीच्या टोंकाशीं चिमुकला कॅमेरा असतो. मामांना उपाशी ठेवलें, घशांत बधिर करणारा फवारा मारला, डाव्या कुशीवर निजविलें आणि दातांत एक कडें देऊन करंगळीएवढी नळी आंत सोडली. दहा मिनिटांत सारें आटोपलें. जठराच्या पलीकडे, लहान आंतड्याच्या अगदीं प्रारंभीं, पांढऱ्या बुडाचा व्रण पडद्यावर स्वच्छ दिसला. जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा चिमट्यानें काढून युरिया असलेल्या पिवळ्या माध्यमांत टाकला, तो थोड्याच वेळांत त्याचा रंग गुलाबी झाला. आरोपी सांपडला होता, आणि तो मिरची नव्हता!

त्याचें नांव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठरांतल्या तीव्र अम्लांत कोणताही जंतु तग धरूं शकणार नाहीं, असें वैद्यांचें मत होतें. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरन यांना १९७९ सालीं जठराच्या अस्तरावर वांकडे जंतु दिसले; बॅरी मार्शल यांनीं त्यांच्यासह १९८२ सालीं ते प्रयोगशाळेंत वाढविले. कुणाचा विश्वास बसेना, तेव्हां १९८४ सालीं मार्शल यांनीं ते जंतु स्वतःच पिऊन टाकले आणि आपल्या जठरास सूज आणून दाखविली. २००५ सालीं दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें.

मिरचीच्या बाजूनें आणखी एक साक्ष आहे. ती आपल्या देशांत सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर आली. अम्लपित्ताचें वर्णन मात्र त्यापूर्वीं कित्येक शतकें माधवनिदानांत लिहिलेलें आहे. ती सर्वस्वीं निर्दोष आहे असें मी म्हणत नाहीं. दुखऱ्या पोटाला ती झोंबते, अनेकांची जळजळ वाढविते. पण झोंबणें निराळें आणि जखम करणें निराळें. जखम करणारे मुख्यतः दोनच : हा जंतु आणि वेदनाशामक गोळ्या. जंतु कोट्यवधि लोकांच्या जठरांत मुकाट्यानें राहतो. थोड्यांनाच व्रण होतो. मामांच्या पोटांत दोघेही एकत्र आले होते.

दोन प्रतिजैविकें आणि अम्ल रोखणारें औषध, असा चौदा दिवसांचा उपचार झाला. गुडघ्याच्या गोळ्या बंद झाल्या. आणखी काय सोडूं, या मामांच्या प्रश्नाचें उत्तर तेंच होतें. औषध संपल्यावर महिन्याहून अधिक काळ लोटूं देऊन जंतु खरोखरच गेला कीं नाहीं, तें पुनः तपासलें. कारण बरें वाटणें हा त्याचा पुरावा नव्हे.

खोट्या आरोपाचा खरा अपाय आरोपीला होत नाहीं, घराला होतो. गुन्हेगार हातीं लागला असें वाटलें, कीं तपास थांबतो. काळें शौच, रक्ताची उलटी, अकारण घटणारें वजन, घांस गिळतांना होणारा अडथळा, यांतील एकही गोष्ट 'पित्त' या शब्दाखालीं झांकण्याजोगी नाहीं. केदारखेड्याला मामांच्या ताटांत आतां ठेचा पुन्हा वाढला जातो, बेताबेतानें. तो खातांना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतें. पण तें मिरचीचें प्रामाणिक काम आहे, आणि त्याबद्दल आमच्या घरीं तिच्यावर कुणाचाही राग नाहीं.