जगवायचा मासा

मासा कसा निवडावा हे आमच्या घरांतील बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. कल्ला उचलून तो लाल आहे की काळवंडला हे पाहावयाचे, डोळा वर आहे की आत बसला हे पाहावयाचे, बोटाने दाबून मांस परत भरते की नाही ते पाहावयाचे. एवढे केले की मासेवाली कितीही गोड बोलो, फसगत होत नाही. आमचे गाव घाटावर, खानापूर तालुक्यात. मासळी येते ती गोव्याहून किंवा कारवारहून, बर्फात घातलेली. तरी ही परीक्षा येथेही कोणी चुकत नाही. परंतु ही सारी विद्या मेलेल्या माशाची झाली. समुद्राचा मासा जिवंत घरी आणावयाचा आणि जगवावयाचा, तर त्याची निवड कशी करावी, असे आम्हांस अलीकडे वारंवार विचारले जाते. म्हणून आजचा हा लेख.

विचारण्याचे कारण असे की, आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत गेली सहा वर्षे खाऱ्या पाण्याची एक काचेची पेटी आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच; पाणी सुमारे ६५ लिटर. पेटीची देखरेख मुले करतात आणि मुलांची देखरेख आम्ही करतो. इकडे आखाती देशांत आणि जहाजांवर नोकरीस गेलेले आमचे तरुण सुटीवर येतात, ते अशा पेट्यांची हौस बरोबर घेऊन येतात. हौस वाईट नव्हे. मात्र समुद्राचे पाणी फारसे बदलत नाही, आणि त्या स्थिर पाण्याची सवय असलेल्या माशास अचानक बदल सोसवत नाही. पेटी जितकी लहान, तितके तिचे पाणी लवकर बिघडते. हजार लिटर पाण्यात न खाल्लेला घास विरून जातो. साठ लिटरांत तोच घास कुजून विष होतो.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका घरातून आम्हांस बोलावणे आले. घरचे गृहस्थ वीस वर्षांहून अधिक काळ जहाजावर होते. अर्धांगवायूचा झटका आला आणि ते अंथरुणास खिळले. वाचाही जवळजवळ गेली. ज्यांनी उभी हयात समुद्र पाहिला त्यांच्या खाटेसमोर समुद्राचा एक तुकडा मांडावा, असे त्यांच्या पत्नीने आणि थोरल्या मुलाने ठरविले. विचार थोर होता. मुलाने शहरातील एका दुकानातून दोन फुटांची पेटी आणि पाच मासे एकाच दिवशी आणले : एक निळा सर्जन मासा, एक मँडरिन आणि तीन डोमिनो. सगळे एकत्र सुखाने नांदतील, असे दुकानदाराने सांगितले होते. महिनाभरात चार मासे मेले, एकामागून एक, त्या आजारी माणसाच्या डोळ्यांदेखत.

“फादर,” ती माउली आम्हांस म्हणाली, “मेलेला मासा दिसला की हे तोंड भिंतीकडे करतात. पेटी काढूनच टाकू का?”

“राहू द्या, मावशी,” आम्ही म्हटले. “आधी ते मासे का मेले ते पाहू.”

निळा सर्जन मासा २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ ह्या चित्रपटापासून जगभरच्या मुलांच्या ओळखीचा झाला. दुकानात तो दोन बोटांएवढा दिसतो. पण पुरता वाढला म्हणजे तो सुमारे ३० सेंटिमीटर भरतो, आणि दिवसभर प्रवाळखडकांवरून लांबलांब पोहणे हा त्याचा धर्म. त्याला दोन फुटांच्या पेटीत ठेवणे म्हणजे बैलाला कोंबड्यांच्या खुराड्यात बांधणे होय. मँडरिनच्या अंगावरील वेलबुट्टी पाहून भरजरी शालूची आठवण होते. परंतु तो खडकांवर वावरणारे अतिसूक्ष्म जीव दिवसभर टिपून जगतो. वरून टाकलेल्या सुक्या खाद्याला बहुधा तोंड लावीत नाही. लहान पेटीतील ते जीव थोड्याच दिवसांत संपतात, आणि अन्न समोर तरंगत असताना तो उपाशी मरतो. डोमिनो काळा, अंगावर पांढरे ठिपके असलेला. तो स्वस्त आणि काटक, म्हणून नवशिक्याच्या गळ्यात हटकून बांधला जातो. पण तो मोठा भांडखोर. अंगाने वाढू लागला की सबंध पेटी आपलीच समजतो आणि सोबत्याला सुखाने खाऊ देत नाही. शेवटी जो एकटा उरला, तो डोमिनोच होता.

ह्यांपैकी कोणत्याही माशाचा दोष नव्हता. प्रत्येक जण आपल्या स्वभावाप्रमाणे वागला. डोळ्यांनी निवड केली आणि पेटीस कोणी विचारले नाही, एवढेच घडले.

उरलेला डोमिनो दुकानात परत गेला आणि आम्ही पाण्यापासून आरंभ केला. स्वयंपाकाचे मीठ ह्या कामी चालत नाही. मिठागरात मीठ गोळा केल्यावर उरलेल्या पाण्यात मॅग्नेशियमसारखी बरीचशी द्रव्ये राहून जातात, आणि माशाला ती सर्व हवी असतात. म्हणून त्यासाठीच तयार केलेले समुद्रमीठ आणावे. क्लोरीन काढलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, आणि तरंगमापकावर १.०२५ च्या आसपास, हे प्रमाण. त्यानंतर संयम. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निपजतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करणारे जीवाणू वाळूत आणि दगडांत वस्तीला यावे लागतात. त्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी कितीही नितळ दिसो, ते नव्या माशास घातक असते. उन्हाळ्यात पाणी आटते, मीठ मात्र आटत नाही. म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची.

आता निवड. ६५ लिटरांत लहान जातीचे तीन मासे, फार तर चार. आणि तेही एकदम नव्हे, प्रत्येकाच्या मध्ये दोनतीन आठवडे जाऊ द्यावेत. पहिला मान क्लाउनमाशाच्या जोडीचा. नारिंगी अंग, पांढरे पट्टे, लांबी ८ सेंटिमीटरच्या आसपास. समुद्रात तो समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतो, पण पेटीत त्यावाचून त्याचे अडत नाही. दोन लहान मासे एकत्र आणले म्हणजे पुष्कळदा मोठा होईल तो मादी बनतो आणि दुसरा नर राहतो, कारण ही जात जन्मतः नरच असते. मुख्य गोष्ट ही की, त्याची पैदास माणसाच्या देखरेखीखाली होते. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशातही ती विद्या सिद्ध केली आहे. समुद्रातून न उचललेला, पेटीतच जन्मलेला आणि सुके खाद्य ओळखणारा मासा मिळत असता दुसरा का घ्यावा?

दुसरा गोबी, खाडीतील निवटीच्या नात्यातला. त्याच्या काही जाती नांगीने टिचकीसारखा आवाज काढणाऱ्या एका कोळंबीबरोबर एकाच बिळात राहतात. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती बीळ खणते, गोबी दाराशी पहारा करतो. खणताना तिची एक मिशी माशाच्या अंगाला लागलेली असते. त्याने शेपूट हलविले की ती आत जाते. ह्या दोघांना फार जागा लागत नाही. तिसरा बांगाई कार्डिनल, शांत आणि सावकाश. ह्याचा नर अंडी व पिल्ले आठवडेच्या आठवडे तोंडात सांभाळतो आणि तेवढे दिवस अन्न वर्ज्य करतो. अग्निमासाही चांगला, पण तो घाबरला की उडी मारतो. पेटीस झाकण नसेल तर सकाळी जमिनीवर सापडतो.

बांगाईविषयी एक अट आहे. तो मूळचा इंडोनेशियातील बांगाई बेटांभोवतालचाच. शोभेच्या व्यापारासाठी इतका पकडला गेला की, २००७ मध्ये त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत झाली. म्हणून तो घ्यावयाचा तर पेटीत जन्मलेलाच घ्यावा. हा लोभ नवा नाही. इंग्लंडात फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गअभ्यासकाने १८५४ साली काचपेट्यांवर पुस्तक लिहिले आणि घरोघर ते वेड पसरले. किनाऱ्यावरील खडकांतली सुंदर डबकी संग्राहकांनी कशी ओरबाडून नेली, हे पुढे १९०७ मध्ये त्यांच्याच पुत्राने खेदाने नमूद केले. फिलिपिन्स व इंडोनेशियात खडकांत सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची रीत पसरली. त्यातले पुष्कळ मासे पुढे खरेदीदाराच्या घरी मरतात. आपल्याकडे समुद्रघोडा आणि प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. सुटीत किनाऱ्यावर गेलेल्या मुलांस पालकांनी हे अवश्य सांगावे.

त्या घरी आज क्लाउनमाशांची जोडी आहे आणि गोबी आहे, कोळंबीसह. पावसाळ्यात वीज गेली तर हवा सोडणारा बॅटरीचा पंप मुलाने आणून ठेवला आहे. पेटीत अजून जागा दिसते, पण त्यांनी ती भरलेली नाही. गृहस्थांची वाचा परत आलेली नाही. मात्र माशांना खाद्य देण्याची वेळ टळली की ते उजव्या हाताने खाटेवर टकटक करतात, आणि मावशी हातातले काम टाकून उठतात.

ज्यांस पेटी मांडावयाची आहे त्यांनी दुकानात चार गोष्टी विचाराव्यात. हा वाढून केवढा होतो? खातो काय? सोबत्यांशी वागतो कसा? समुद्रातून आला की पैदाशीचा आहे? आणि पैसे मोजण्यापूर्वी, ‘माझ्यासमोर त्याला खायला घाला,’ असे सांगावे. जो मासा दुकानात खात नाही तो घरी खाईल असे मानू नये. घरीही एक प्रश्न विचारावा : मुलांची हौस ओसरली तर पाणी कोण बदलणार? क्लाउनमासा नीट ठेवला तर दहा वर्षांहूनही अधिक जगतो. उत्तर मिळाले तर पेटी अवश्य आणावी. न मिळाले तर शनिवारी दुपारी शाळेची पेटी उघडी असते, ती पाहावयास सहकुटुंब यावे. मुले सगळे समजावून सांगतील.