बाबासाहेबांच्या फोटोखाली कोणती पुस्तकं ठेवायची?

र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते सरळ, शास्त्रीय उत्तरं देत. त्यात समलिंगी संबंधांचेही प्रश्न असत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांचे वकील कोण होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, बाबासाहेबांना कामं कमी नव्हती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांनी "हा आपला विषय नाही" असं म्हटलं नाही.

आपण मात्र म्हणतो. नांदेडात एका अभ्यासिकेसाठी पुस्तकं जमवताना मी बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' आणि 'इंद्रधनु' यादीत घातली. पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू करणारे हेच खिरे. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "ताई, बाबासाहेबांच्या फोटोखाली असली पुस्तकं नकोत." दोन्ही नावं कापली गेली.

पुस्तकानं काय फरक पडतो? समाजशास्त्रात एम.ए. करताना मला गेल रुबिन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ भेटल्या. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चामडी पोशाख करणाऱ्या समलिंगी पुरुषांच्या समुदायावर त्यांनी पीएच.डी. केली. दुसऱ्या महायुद्धानंतर या पुरुषांनी मोटारसायकल, चामड्याचं जाकीट, बूट यांतून आपली ओळख घडवली. पोलिसांच्या लेखी ते गुन्हेगार, डॉक्टरांच्या लेखी रोगी. मग त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. लॅरी टाउनसेंड यांचं पुस्तक १९७२ मध्ये आलं. १९९१ मध्ये शिकागोत त्यांची पुस्तकं-कागदपत्रं जपणारी संस्था सुरू झाली.

चामडं म्हटलं की आपल्याला मेलेली ढोरं आठवतात. ते काम आपल्यावर जन्मानं लादलं होतं. बाबासाहेबांनी सांगितलं आणि आपण ते सोडलं. त्यांनी चामडं स्वतः निवडलं. हे दोन लढे एक नाहीत आणि मी ते एक करतही नाही. पण ज्यांच्याबद्दल दुसरेच लिहितात, त्यांच्या वाट्याला बदनामीच येते. हे आपल्याइतकं कुणाला कळणार? म्हणून तर १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं तेव्हा आपल्याला आपला आवाज सापडला.

लातुरात शिकवणीसाठी आलेला आपल्याच समाजातला एक मुलगा मला म्हणाला होता, "ताई, मला वाटायचं, जगात असा मी एकटाच आहे." जातीवरून कुणी बोललं तर तो घरी सांगू शकतो, बाप त्याच्या पाठीशी उभा राहील. हे मात्र त्याला बापालाच सांगता येत नाही. विहारातही जागा नसेल तर त्यानं जायचं कुठं?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टानं प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले, तेव्हा आधार घेतला संवैधानिक नैतिकतेचा. ही कल्पना संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनीच मांडली होती. कोर्टाला ती आठवली, आपण विसरायची?

मित्रांनो, येत्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतले थोडे पैसे बाजूला काढा. वस्तीच्या वाचनालयात अशी दोन-चार पुस्तकं ठेवा, कुलूपबंद कपाटात नव्हे, हाताला लागतील अशी. कुणी हटकलं तर १९३४ चा खटला सांगा.

जय भीम!