हेराल्डचे डोळे

जुन्या गाडीचा चेहरा म्हणजे तिचे हेडलाइट. १९६१ मध्ये आलेली जॅग्वार ई-टाइप आठवा, किंवा एमजीबी. बॉनेट कितीही देखणं असो, नजर आधी त्या गोल काचांवर जाते. गंमत म्हणजे या दोघींचे दिवे सात इंची. आपली अँबॅसॅडर, जुनी जीप, बुलेट.. यांचंही माप तेच!

आमच्या घरात स्पोर्ट्‌स कार कधीच नव्हती. पण तिची चुलत बहीण आहे, श्रीरामपूरच्या मामांची स्टँडर्ड हेराल्ड. इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डचा हा भारतीय अवतार १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागला. मूळ रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीचं. आणि याच हेराल्डची चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर काढली. त्यामुळे मामांचा तोरा काय सांगावा!

तर गेल्या दिवाळीला मामेभाऊ जर्मनीहून आला, तो जुन्या दिव्यांची जोडी घेऊनच. जाड काच, आतला रिफ्लेक्टर आरशासारखा. पोराने महिनोन्‌महिने शोधून, चांगले पैसे मोजून आणलेली. हेराल्डचे रिफ्लेक्टर ओल धरून काळवंडले होते, हे त्याच्या लक्षात होतं.

मामांनी संध्याकाळी बॅटरीला वायर जोडून एक दिवा समोरच्या भिंतीवर पाडला. डिपरवर. उजेडाची वरची कड डावीकडे सरळ होती आणि उजवीकडे वर चढत गेली होती.

"हे लावायचे नाहीत," मामा म्हणाले.

मामेभावाचा चेहरा पडला. मामी आत निघून गेली.

कारण तसं साधं आहे. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती खालच्या अर्ध्या रिफ्लेक्टरवर जाणारा उजेड अडवते, म्हणून झोत खाली पडतो. या वाटीची एक बाजू जराशी तिरकी असते, त्यामुळे रस्त्याच्या कडेकडचा झोत थोडा लांब जातो. जर्मनीत वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून तिथे तो उजवीकडे लांबतो. आपल्याकडे उजवीकडे काय असतं? समोरून येणारा माणूस!

पण मामांना जास्त घोर डाव्या कडेचा होता. आमच्याकडे दिवाळीनंतर कारखाने पेटले की रात्रभर उसाच्या गाड्या चालतात. बैलगाडीला मागे दिवा नसतो. कुणी रेडियमची पट्टी लावतं, कुणी तीही नाही. ती जाते रस्त्याच्या डाव्या कडेने. म्हणजे जिथे उजेड हवा तिथे अंधार, आणि जिथे नको तिथे झोत.

"मी पोरवयात अशा गाडीवर बसलोय," मामा म्हणाले. "आखाखाली कंदील बांधायचो. मागून मोटार आली की बैलांआधी आपलाच जीव धास्तावायचा. वळून बघून उपयोग नव्हता. त्याला आपण दिसलो की नाही, ते त्यालाच माहीत."

हे आम्ही कुणीच आधी ऐकलं नव्हतं. मामेभावानेही नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेक नगरला गेले आणि डावीकडे झोत टाकणारे सात इंची साधे दिवे घेऊन आले. साठ-पंचावन्न वॅटचे हॅलोजन बल्ब. भावाने सुचवलेले एलईडी मामांनी घेतले नाहीत. त्यातला प्रकाश नेमका फिलामेंटच्या जागेवरून निघत नाही, त्यामुळे जुन्या रिफ्लेक्टरमध्ये झोत विस्कटतो. रिले मात्र भावाने बसवला. जुन्या वायरिंगमध्ये व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, हे त्याचं गणित मामांनी निमूट ऐकून घेतलं. :)

जर्मन जोडी आता मामींच्या काचेच्या कपाटात आहे, पितळी समईशेजारी. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, "पोराने आणलेत."

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या दोस्तांनो, एवढंच करा. संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, डिपर लावा आणि उजेडाची कड कुठल्या बाजूला चढते ते बघा. आपल्या दिव्याचा उजेड आपल्याला दिसतोच. पण तो दुसऱ्याला कसा दिसतो, हे एकदा तरी बैलगाडीवर बसलेल्या माणसाला विचारावं.