सुकटीने घर बोलते केले



आपल्या साप्ताहिकाच्या कुटुंबाच्या पानावर समाजबांधव आपापली सुखदुःखे लिहीत असतात. आम्ही आजवर सभांचे वृत्तांत आणि जयंतीच्या वर्गणीचा हिशेब एवढेच लिहून पाठविले. आज प्रथमच घरातले लिहीत आहोत. विषय एका लहानशा कुत्रीचा आहे. कोणाला हसू आले तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

आमची पत्नी कालकथित झाली त्याला आता दोन वर्षे होतील. किडनीचा आजार होता. आषाढात, बाहेर पाऊस कोसळत असताना ती गेली. मागे घरात उरलो तिघे : आम्ही, सहावीत शिकणारी लेक आणि आमची म्हातारी आत्या.

आम्ही शाखेचे सरचिटणीस. साजगाव, खोपोली, खालापूर या भागात कोठेही पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असला की दोन शब्द बोलायला आम्हांला उभे करतात. किसा गौतमीची कथा आम्ही कितीदा सांगितली असेल, मोजदाद नाही. मेलेले मूल कडेवर घेऊन ती तथागतांकडे आली. तथागत म्हणाले, ज्या घरात कधी कोणी मेले नाही, त्या घरातून मोहरी घेऊन ये. तिला तसे घर मिळाले नाही आणि तिचे डोळे उघडले. ही कथा सांगून आम्ही खाली बसत असू आणि लोक माना डोलावत असत.

आमच्या घरी तो दिवस आला, तेव्हा दुसऱ्या एका कार्यकर्त्याने उभे राहून हीच कथा सांगितली. आम्ही मान खाली घालून ऐकली. पण आत काही पोहोचले नाही. जेवणे झाली, पाहुणे गेले, सतरंज्या गुंडाळल्या आणि घर एकदम गप्प झाले.

त्यानंतर आम्ही घरी थांबेनासे झालो. कामावरून सुटलो की बैठक, बैठक नसली तर कोणाचा जातीचा दाखला, कोणाचे रेशनकार्ड, कोणाचा अर्ज. रात्री दहा-अकराला घरी यावे, झाकून ठेवलेले ताट उघडावे, जेवावे आणि झोपावे. लोक म्हणत, "भाऊ, एवढा आघात झाला, पण तुम्ही चळवळ सोडली नाही." आम्ही ते ऐकून घेत असू. खरी गोष्ट अशी की आम्हांला घराची भीती वाटत होती. ओट्याजवळची तिची जागा रिकामी दिसे. लेक शाळेत कोणाशी बोलत नाही असे तिच्या बाईंनी एकदा निरोप पाठवून कळविले. आम्ही तिला जवळ बसवून समजावले. समजावले म्हणजे काय, छोटेसे भाषणच केले. ती "हो पप्पा" म्हणाली आणि उठून गेली.

कार्तिकात आमच्या साजगावला बोंबल्या विठोबाची मोठी यात्रा भरते. आम्ही देवदर्शनाला जात नाही, पण सुक्या मासळीच्या बाजाराला सगळा तालुका जातो, तसे आम्हीही जातो. लेकीची आई दर वर्षी तिथूनच बोंबील, सुकट, जवळा घेऊन डबे भरून ठेवी. पावसाळ्यात आमचे कालवण त्या डब्यांतून निघे. त्या वर्षी आम्ही टाळत होतो. शेवटी लेकच म्हणाली, "पप्पा, डबे रिकामे आहेत." मग गेलो.

यात्रा उठत आली होती. मासळीवाल्या पाट्या आवरत होत्या. एका रिकाम्या गोणपाटाखाली एक पिल्लू कुडकुडत पडले होते. तांबूस रंगाचे, हाडे मोजून घ्यावीत इतके वाळलेले. मासळीवाली म्हणाली, "ने गं पोरी. कुत्री आहे म्हणून कोणी उचलत नाही. याचे भाऊ कधीच गेले." आम्ही लेकीचा हात धरून पुढे ओढला. ती हलली नाही. म्हणाली, "पप्पा, मुलगी झाली म्हणून टाकायची नाही, असं तुम्हीच भाषणात सांगता ना?"

चार महिन्यांत तिने आमच्याशी केलेले हे सर्वांत मोठे बोलणे होते. आमच्यापाशी उत्तर नव्हते. पिल्लू घरी आले. सुकटीसारखे वाळलेले आणि सुकटीच्या बाजारात सापडलेले, म्हणून लेकीने त्याचे नाव सुकट ठेवले.

खरा विरोध आत्याचा झाला. तिने पिल्लू पाहिले आणि पदर कमरेला खोचला. "अरे, तू महाडच्या तळ्यावर भाषणं करतोस ना? त्या तळ्यावर कुत्री-मांजरं पाणी पीत होती आणि माझ्या बाला हात लावायची बंदी होती. आता त्या कुत्र्याला मी माझ्या घरात ताटली मांडू?"

महाड आमच्याच रायगड जिल्ह्यातले. तेव्हा त्याला कुलाबा जिल्हा म्हणत. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याआधीचे ते दिवस आत्याने आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेले. तिचा राग पुस्तकातला नव्हता. आम्ही एवढेच म्हणालो, "आत्या, पडवीत राहील. आत येणार नाही." तिने तोंड फिरविले.

पिल्लाला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जंताचे औषध दिले, तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस टोचून घ्या, पुढे दर वर्षी विसरू नका, असे बजावले. मीठ लावलेली मासळी अजिबात देऊ नका, हेही सांगितले. "म्हणजे सुकटीला सुकट नाही!" असे म्हणून लेक हसली. ते हसू आम्ही कितीतरी दिवसांनी ऐकले.

हळूहळू सुकट आमच्या मोटारसायकलचा आवाज ओळखू लागली. कामावरून घरी यायची आमची मूळची वेळ साडेसातची. बैठकीमुळे उशीर झाला की लेक सांगे, "पप्पा, ती साडेसातपासून फाटकात बसलीय." दोन-चारदा ऐकले आणि सोडून दिले. एकदा बैठक रद्द झाली म्हणून वेळेवर आलो. लांबूनच दिसले. फाटकाच्या पायरीवर सुकट बसलेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून आमची लेक बसलेली. साडेसातपासून रोज तिथे दोघी बसत होत्या. आम्हांला एकीचाच निरोप मिळत होता.

त्या रात्री आम्ही वहीतल्या बैठका पाहिल्या. आठवड्यातून दोन ठेवल्या, बाकीच्या तरुण पोरांकडे सोपविल्या. चळवळ काही थांबली नाही.

आमच्या भिंतीवर एक फोटो आहे. आपणांपैकी अनेकांच्या घरी तो असेल. राजगृहावरचा, फेब्रुवारी १९३४ चा. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, बाबासाहेबांच्या वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव, आणि त्यांच्याबरोबर बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबी. आम्ही हा फोटो शेकडो वेळा पाहिला, पण टॉबीकडे आमचे लक्ष कधी गेले नव्हते. सुकट घरात आल्यावर लेकीने तो दाखविला. या फोटोनंतर पंधरा महिन्यांनी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. एवढा मोठा महापुरुष, पण त्या दुःखाने ते पार खचले होते. मग १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली, आणि पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. म्हणजे कामाला लागले तरी ते विसरले नव्हते. काम आणि दुःख या दोहोंना त्यांच्यापाशी जागा होती. आम्ही मात्र कामाच्या आड लपत होतो.

लेकीने विचारले, "पप्पा, रमाई गेल्यावर टॉबीने काय केलं असेल?"

आम्ही म्हणालो, "दारात बसून वाट पाहिली असेल."

"मग त्याला कोणी सांगितलं असेल, की त्या येणार नाहीत?"

प्रश्न टॉबीचा नव्हता. त्या रात्री बापलेक पहिल्यांदा तिच्या आईविषयी बोललो. दवाखान्यातले शेवटचे दिवस, आम्ही तिच्यापासून लपवून ठेवलेले, सगळे सांगितले. दोघेही रडलो. सुकट मध्येच येऊन दोघांचे हात चाटत होती.

पुढच्या वर्षावासात विहारात भन्तेजींनी कुक्कुर जातकाची गोष्ट सांगितली. राजाच्या रथाचे चामडी साज रात्री पावसात भिजले आणि वाड्यातल्याच कुत्र्यांनी ते खाल्ले. सेवकांनी आळ बाहेरच्या कुत्र्यांवर घातला. राजाने हुकूम काढला, दिसेल ते कुत्रे मारा. वाड्यातली तेवढी सोडा. तेव्हा स्मशानातल्या कुत्र्यांचा म्होरक्या निर्भयपणे दरबारात आला. वाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ कालवून पाजायला लावला आणि त्यांच्या पोटातून चामडे बाहेर पडले. गुन्हा वाड्यातल्यांचा, शिक्षा बाहेरच्यांना. आत्या पुढच्या ओळीत बसून ऐकत होती. घरी येताना काही बोलली नाही.

त्याच आठवड्यात एका रात्री वीज गेली. पाऊस धो धो. आम्हांला पडवीतून बोलणे ऐकू आले. आत्या पायरीवर बसून सुकटीशी बोलत होती. "ती माझी सून नव्हती गं, पण रोज रात्री माझे पाय चेपून देई. आणि माझा धनी गेला तेव्हा, तीस वर्षं झाली, मला कोणी विचारलं नाही. आत्या खंबीर आहे म्हणाले. खंबीर म्हणजे काय, रडायला जागाच नव्हती." मग थोडे थांबून म्हणाली, "तळ्यावर तुझ्या जातीनं काय केलं होतं? तहान लागली, पाणी प्याली. बंदी तर माणसांनी घातली होती."

आम्ही जाऊन तिच्याजवळ बसलो. काही बोललो नाही. तीस वर्षांत तिला फुफांविषयी आम्हीसुद्धा कधी काही विचारले नव्हते. त्या रात्री विचारले. ती पहाटेपर्यंत सांगत होती. सुकट आता आतल्या खोलीत, आत्याच्या खाटेखाली झोपते.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितले आहे की करुणा माणसांपुरती असते, तथागतांनी त्यापुढे जाऊन सर्व जीवमात्रांशी मैत्री शिकविली. बावीस प्रतिज्ञांमध्येही प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ही प्रतिज्ञा आम्ही अनेकांकडून म्हणवून घेतली. तिचा अर्थ आम्हांला एका टाकून दिलेल्या पिल्लाने शिकविला.

आणि किसा गौतमीची कथाही आता वेगळी कळते. तिला तथागतांनी प्रवचन दिले नाही, दारोदार पाठविले. प्रत्येक दारात तिने दुसऱ्याचे मरण ऐकले. आम्ही मात्र लोकांना ऐकवत होतो, त्यांचे ऐकत नव्हतो. सुकटीला बोलता येत नाही, म्हणून तिच्यापाशी आमच्या घरातली दोन माणसे मन मोकळे करू शकली.

दुःखाच्या घरी प्रत्येकाने कुत्रा आणावा असे आमचे म्हणणे नाही. त्याला वेळ लागतो, खर्च लागतो, लस चुकवून चालत नाही. पण कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी माईकवर बोलून आपले काम संपले असे समजू नका. महिन्याने, सहा महिन्यांनी त्या घरी पुन्हा जा. विधवा बाईला, म्हाताऱ्या माणसाला, लहान मुलाला एक प्रश्न विचारा आणि मग गप्प बसून ऐका. आम्ही आता तसे करतो.

हे लिहीत असताना सात वाजत आले आहेत. कार्यालयातले टेबल आवरायला हवे. साडेसातला फाटकात दोघी बसतील. अलीकडे आत्याही खुर्ची टाकून बसते.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!