चतकोर

आत्याबाईंचं जेवण तासभर चालायचं आणि मला त्याचा राग यायचा. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या तोंडात एकही दात नाही. कवळी करून आणली होती, पण हिरड्यांना टोचते म्हणून त्यांनी ती डबीत घालून देवळीत ठेवून दिली. भाकरीचा चतकोर वरणात कुस्करायचा, बोटांनी मळत मळत त्याचा लगदा करायचा, मग लहानसा घास तोंडात घालून कितीतरी वेळ घोळवत बसायचं. मला शाळा गाठायची घाई असायची. "एवढ्याशानं काय होतंय, अर्धी तरी घ्या," म्हणत मी न विचारता त्यांच्या ताटात भाकरी टाकायची, आणि ती तशीच उरली की ताट उचलताना तोंड पाडायची. एकदा नणंदेशी फोनवर बोलताना मी म्हणाले होते, "त्यांची जेवायची सोंगं वाढलीत." आत्याबाई बाजूच्याच खोलीत होत्या. चार-पाच वर्षं मी अशीच वागले. हे लिहिताना लाज वाटते, पण जे बदललं ते सांगायचं तर आधी काय होतं तेही सांगायला हवं.

माझ्या लेखी वाढणं म्हणजे आग्रह करणं. अहमदपूरला माहेरी तेच पाहिलं आणि कंधारला सासरी तेच केलं. पंगतीत मी जिलबीचं ताट घेऊन निघाले की कुणाचं 'नको' ऐकून घ्यायची नाही. साखरेचा त्रास असलेल्या चुलतसासऱ्यांना मी हट्टानं पुरणपोळी वाढली आहे, वर तूपही सोडलं आहे. यामागे कारण आहे. १९७२च्या दुष्काळात आत्याबाई नुकत्याच लग्न होऊन आलेल्या होत्या. त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. ज्या घरानं ते पाहिलं, त्या घरात भरलेलं ताट ही इभ्रतीची गोष्ट होते. चतकोर दारात आलेल्याला द्यायचा, पाटावर बसलेल्याला नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

माझी उंची ५ फूट २ इंच आणि वजन ११२ किलो होतं. साखर होती, गुडघे गेले होते, फळ्याजवळ दहा मिनिटं उभं राहिलं की खुर्ची शोधावी लागायची. लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत आमच्या शाळेतल्या निम्म्या लोकांनी धरली, तेव्हा मीही धरली. चार महिन्यांत ११ किलो उतरले. मग भाच्याचं लग्न आलं आणि सगळं सुटलं. दोन जेवणांच्या मधे कुणाच्या घरी गेलं की समोर येणारी बशी मला परत करता येईना, कारण मी स्वतः कधी कुणाला बशी परत करू दिली नव्हती.

वजनासाठी पोटाची शस्त्रक्रिया करतात हे मला फार आधीपासून ठाऊक होतं. २०११ साली नितीन गडकरींनी ती करून घेतल्याची बातमी वाचून मी स्टाफरूममध्ये म्हटलं होतं, मनावर ताबा असेल तर हे कशाला लागतं? ते माझं बोलणं चुकीचं होतं. ते मला माझ्या अंगावर कळलं. मी करून घेतली त्या प्रकारात पोटाचा पाऊण हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा जास्तच, काढून टाकतात. मागे केळ्यासारखी अरुंद नळी उरते. जो फुगीर भाग जातो, तिथंच भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः तयार होतं. २० नोव्हेंबर २०२४ला हैदराबादला माझी शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी खिडकीखालच्या हॉटेलातून फोडणीचा वास आला आणि पोटात काहीच हललं नाही. मी पडल्या पडल्या रडले. ज्या भुकेला मी आयुष्यभर माझ्या स्वभावातला दोष समजत आले, ती दुर्बिणीनं काढून टाकता येते, म्हणजे ती केवळ माझ्या मनाची दुबळीक नव्हती.

घरी आले ती छापील कागद घेऊन. दोन आठवडे पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ शिजवलेलं, आणि सहा-आठ आठवड्यांनंतर हळूहळू रोजचं जेवण. दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रथिनं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. कागदावर ओट्स होते, टोफू होतं, ब्रोकोलीचं सूप होतं. कंधारच्या बाजारात यातलं काय मिळणार? तो कागद मी आत्याबाईंना वाचून दाखवला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे कण्या की." त्यांनी ज्वारी भरडून घेतली, कण्या ताकात शिजवल्या, मी त्या मिक्सरमधून काढल्या. मुगाचं घट्ट वरण, मऊ पिठलं, चक्का, पुढं उकडलेलं अंडं कुस्करून, असं आमचं चाललं. पण मनातून मी त्याला जेवण मानत नव्हते. ते आजाऱ्याचं खाणं. माझं सगळं लक्ष भाकरीवर. भाकरी खाल्ली की बरी झाले, असा मी दिवस मोजत होते.

३० डिसेंबरला येळवस होती, शस्त्रक्रियेचा चाळिसावा दिवस. वेळ अमावस्या आमच्याकडे काय असते ते कंधार-लोह्याच्या, लातूरकडच्या माणसाला सांगायला नको. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. मन्याडकाठच्या आमच्या रानात कडब्याची कोप केली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडले होते. भज्जी, उंडे, गव्हाची खीर, माठात आंबील. तूर, वाटाणा, हरभऱ्याचे कोवळे दाणे आणि चिंच घातलेल्या त्या भज्जीचा वास कडब्याच्या वासात मिसळतो, तसा वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी येत नाही. मी आंबील घोटघोट पीत होते, ठीक होतं. मग जाऊबाईंनी तव्यावरची भाकरी पुढं केली. "चतकोरच तर आहे," त्या म्हणाल्या. माझाच आग्रह मला परत आला. मी मोठा तुकडा मोडला, भज्जीत बुडवला आणि पूर्वीसारखा दोनदा चावून गिळला. लगेच दुसरा.

छातीच्या हाडामागं दगड अडकल्यासारखं झालं. खाली जाईना, वर येईना. तोंडात फेसाळ लाळ सुटायला लागली. घाबरून मी पाणी प्याले आणि पाण्यालाही जायला वाट उरली नाही. कोपीच्या मागं धावले. सगळं पडलं, पडल्यावरही उबळ थांबेना. माझ्या कपाळाला कुणाचा तरी हात लागला. आत्याबाई होत्या. चूळ भरायला त्यांनी पाणी दिलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "गिळाया कोन सांगितलं तुला? मी कशी खाते ते रोज बघत न्हाईस व्हय?"

बघत होते. रोज बघत होते, रागानं बघत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी चार दिवस पुन्हा पातळ खायला लावलं. आठवा आठवडा उलटल्यावर मी पाट उचलून आत्याबाईंच्या शेजारी मांडला. त्यांनी मला जे शिकवलं ते छापील कागदावर नव्हतं. भाकरी गरम असतानाच कुस्करायची, निवल्यावर नाही. वरचा करपट पापुद्रा काढून बाजूला ठेवायचा. वरण थोडं थोडं घालायचं, बोटाला कणी लागेनाशी होईतो मळायचं. घास हरभऱ्याएवढा. एक पोटात गेल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. डॉक्टर वीस-तीस वेळा चावायला सांगतात. आत्याबाईंनी कधी मोजलं नाही, जीभ सांगते म्हणतात. त्यात मी माझी भर घातली ती एवढीच, की आधी अंडं किंवा पिठलं संपवायचं आणि भाकरी शेवटी, नाहीतर प्रथिनांना जागा उरत नाही. गव्हाची पोळी मला अजून अडकते. तिच्या चिकटपणाचा पोटात गोळा होतो. ज्वारीत तो चिकटपणा नाही, म्हणून कुस्करलेली भाकरी निमूट उतरते. हे माझ्यापुरतं सांगते, दुसऱ्या कुणी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

सगळं गोड झालं असं नाही. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गेले. बी-१२, लोह, कॅल्शियम आता जन्मभर सांभाळायचं आहे. संध्याकाळी जगत्तुंग तलावापर्यंत चालत जाते, गुडघे दुखत नाहीत, वजन ७९वर आलं आहे. तरी भरल्या पोटाचं ते जुनं सुख, जेवून भिंतीला टेकून बसायचं, ते गेलं. त्याची मला अजून आठवण येते आणि ती येऊ नये असंही वाटत नाही.

पण आग्रहाबद्दलचं माझं मत पार बदललं. आता तो माझ्यावर होतो. "एकच घास, माझ्या हातचा." मी नको म्हणते, समोरची हसते आणि वाढते. त्या क्षणी मला भूक आठवत नाही, घासही नाही; माझा शब्द हिला खरा वाटत नाही, एवढंच जाणवतं. मग चुलतसासरे आठवतात, ताटावर आडवा धरलेला त्यांचा हात आठवतो. ते आता नाहीत. शाळेतही मी तेच करत होते. माझ्या वर्गात एक मुलगा पोषण आहाराची खिचडी फार सावकाश खातो. त्याला मी वर्षभर "लवकर, लवकर" म्हणत आले होते. आता घंटा झाली तरी त्याला बसू देते.

फोनवरचं ते 'सोंगं' आत्याबाईंनी ऐकलं होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. दोनदा तोंडाशी आलं आणि मागं गेलं.

पुढच्या येळवशीला आम्ही दोघी कोपीच्या तोंडाशी एका ताटात बसलो. त्यांनी खिरीचा चमचा माझ्या वाटीकडं आणला, माझ्याकडं पाहिलं, विचारलं, "देऊ?" मी मान हलवली. त्यांनी चमचा माघारी नेला, स्वतः खाल्ला. बाकीची पंगत उठली, पोरं हरभऱ्यात शिरली. आमचा चतकोर निम्मा उरला होता. जाऊबाई ताट उचलायला वाकल्या, तशी मी ताटावर हात आडवा धरला.