ऐब

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. पाऊस ओसरत आला होता. एका रात्री पुण्याहून डॉक्टरसाहेबांच्या मुलाचा फोन आला.

"बाबांची मर्सिडीज विकायचीय. दलाल दोन लाखांत उचलायला तयार आहे. पण म्हटलं, आधी चाचांना विचारावं. तुम्ही घेणार असाल तर दीड लाखात देतो. बाबांनाही ते आवडलं असतं."

मी 'विचार करून सांगतो' म्हणालो खरा. पण विचार करायला काही उरलेच नव्हते. फोन ठेवण्याआधीच ती गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली होती, आणि मागच्या सीटवर पांढरी टोपी घातलेले अब्बा बसले होते.

माझे अब्बा मोटार मिस्त्री. बाराव्या वर्षी मिरजेतल्या एका उस्तादांच्या हाताखाली लागले. पहिली दोन वर्षे नुसते पाने पुसण्याचे आणि चहा आणण्याचे काम. मग स्वतःचे गॅरेज, म्हणजे पत्र्याची एक शेड. फियाट, अ‍ॅम्बॅसडर, नंतर मारुती. साऱ्या गावाच्या गाड्यांखाली त्यांचे आयुष्य पाठीवर पडून गेले. गाडीत बसायची वेळ यायची ती फक्त ट्रायल घ्यायला, तीही सीटवर जुना पेपर अंथरून.

आमची मिरज दवाखान्यांची. त्यामुळे अब्बांचे बरेचसे गिऱ्हाईक डॉक्टरच. त्यांत हे डॉक्टरसाहेब निराळे. ईदला शीरखुर्म्याला न चुकता यायचे आणि अम्मीच्या हातची वाटी दुसऱ्यांदा मागायचे. १९९५ साली पिंपरी-चिंचवडला टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची जुळणी सुरू झाली. त्या पहिल्या वर्षातली 'ई २२०' डॉक्टरसाहेबांनी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी अब्बांना दाखवायला आणली. गल्लीतली पोरे तिच्याभोवती जमली ती एकाच गोष्टीसाठी. तिला वायपर एकच होता, आणि तो काचेचे कोपरे गाठायला लांब-आखूड होत फिरायचा. अब्बांनी आधी हात रॉकेलने धुतले, मग साबणाने, मग बॉनेटला हात लावला. पुढे गुडघे थकेपर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत, ती गाडी त्यांच्याच हाताखाली होती. त्यानंतर ती शहरातल्या कुठल्या कुठल्या वर्कशॉपमध्ये फिरली, आणि डॉक्टरसाहेब गेल्यावर दोन वर्षे बंगल्यामागच्या शेडमध्ये उभी राहिली.

बायकोला मी बेत सांगितला. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, त्या अडीच लाखांचं काय करायचं ठरलंय ते आठवतंय ना?"

आठवत होते. ते पैसे अब्बा-अम्मीच्या उमऱ्यासाठी साठवलेले. अब्बांना व्याजाचा पैसा चालत नाही, म्हणून कर्जाचा प्रश्नच नव्हता. चार वर्षे पगारातून थोडे थोडे बाजूला काढले होते. मी म्हणालो, "उमरा काय, पुढच्या वर्षीही होईल. ही गाडी परत मिळणार नाही."

"आणि अब्बांचं वय परत मिळणार आहे?" तिने विचारले. मी उत्तर दिले नाही.

कारण खरे उत्तर मला कुणालाच सांगता येण्यासारखे नव्हते. १९८६ साली मी आठवीत होतो. शाळेचा एक फॉर्म भरायचा होता. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'नोकरी' असे लिहिले. माझ्या बाकावर बसणाऱ्याचे वडील बँकेत होते, पलीकडच्याचे वकील. अब्बांच्या नखांतले काळे तर ईदच्या दिवशीही जात नसे. फॉर्मवर त्यांची सही हवी होती. त्यांनी तो रकाना वाचला, क्षणभर थांबले आणि सही करून कागद परत दिला. ते कधीच काही बोलले नाहीत. मी पुढे शिक्षक झालो; हजारो मुलांचे फॉर्म तपासले. तो रकाना आला की अजून माझी नजर खाली जाते. आता त्याच माणसाला मर्सिडीजमध्ये बसवून ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यापाशी उतरवायचे, साऱ्या गावाने पाहायचे, आणि माझे जुने देणे फिटायचे, असा माझा हिशोब होता.

अब्बांना मी फक्त एवढेच सांगितले, "डॉक्टरसाहेबांची गाडी घेऊ म्हणतो."

"देखेंगे," ते म्हणाले. "उनको बोल, मै आने से पहले गाडी चालू नको करो."

रविवारी सकाळी आम्ही बंगल्यावर गेलो. डॉक्टरसाहेबांचा मुलगा पुण्याहून आला होता. अब्बांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, बापाची आठवण काढली, आणि मग पहिली गोष्ट केली ती म्हणजे बॉनेटवर तळहात ठेवून इंजिन खरोखर थंड आहे ना हे पाहिले. गरम इंजिन खोटे बोलते, असे ते नेहमी म्हणतात. सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच गाडी आपले दुखणे सांगते.

रेडिएटरचे झाकण काढून त्यांनी बोट आत बुडवले. पाण्यावर तेलाचा तवंग होता. म्हणजे हेड गॅस्केट. गाडी सुरू झाली तेव्हा सायलेन्सरमधून निळसर धूर आला आणि मिनिटभराने विरला, व्हॉल्व्हचे सील. मग त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनवर टेकवले, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आमच्या गावचे सतारमेकर भोपळ्यावर टिचकी मारून असेच डोळे मिटतात. ७८ वर्षांच्या माणसाला घरात दाराची कडी ऐकू येत नाही. पण स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीतून त्यांना सगळे ऐकू येत होते.

इंजिनाजवळची एक वायर त्यांनी हलकेच वाकवली. वरचे आवरण पापडासारखे तुटून त्यांच्या हातात आले. ३० वर्षांच्या उष्णतेने सारे वायरिंग ठिसूळ झाले होते. "आग लगेगी," ते पुटपुटले. एसीची हवा गरम येत होती. आतली कॉइल गळत असेल तर या गाडीचा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

ट्रायलला निघताना मी मागचे दार उघडून उभा राहिलो. इतकी वर्षे मनात पाहिलेले ते चित्र एकदा तरी खरे व्हावे म्हणून. अब्बांनी माझ्याकडे चमकून पाहिले.

"पीछे बैठके इंजिन क्या सुनाई देता रे?" असे म्हणून ते पुढे, ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

परतल्यावर झाडाखाली खुर्च्या टाकून हिशोब झाला. गॅस्केट, सील, वायरिंग, एसी, बुश, टायर. २०२५ पर्यंत पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. या गाडीचे जुने रबरी पाइप त्यासाठी बनलेलेच नाहीत, ते बदलणे आले. नोंदणीची मुदत नोव्हेंबरात संपणार होती. २० वर्षांवरच्या मोटारीला तिच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालेले. पर्यावरण कर आणि फिटनेस निराळे. अब्बांचा आकडा दोन लाख चाळीस हजारांवर थांबला, तोही इंजिन उघडल्यावर आणखी काही निघाले नाही तर.

"दारात हत्ती झुलवायचा तर चारा आधी बघावा," ते मराठीत म्हणाले, म्हणजे ते आम्हा दोघांनाही होते. मग माझ्याकडे वळून, "ये गाडी लेने की नै बेटा, पालने की है. तेरे बस की नै."

मी मान खाली घातली. डॉक्टरसाहेबांचा मुलगा मनाने चांगला. पण तोही अडचणीत आला होता. म्हणाला, "चाचा, हे सगळं पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायचं का? दलाल म्हणतो, काही बोलू नका, 'आहे तशी' म्हणून विकू."

"आहे तशीच विका दादा," अब्बा म्हणाले. "पण आहे तशी म्हणजे कशी, ते तर सांगावं लागंल."

लहानपणी मदरशात ऐकलेली हदीस मला तिथे आठवली. मदिनेच्या बाजारात हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर आतून बोटे ओली झाली. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. मग ओले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला विचारले. फिकहमध्ये 'खियार-उल-ऐब' म्हणून एक बाब आहे: घेतलेल्या मालात आधीचा, न सांगितलेला ऐब निघाला तर तो परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला असतो. अब्बांनी फिकह वाचलेला नाही. पण त्यांच्या शेडमधून ऐब झाकून एकही गाडी बाहेर गेली नाही, हे मी लहानपणापासून पाहत होतो. पाहत होतो, आणि तरीही माझी नजर त्यांच्या नखांवरच अडकली होती.

आणि माझा स्वतःचा सौदा तरी कसा होता? बापाच्या उमऱ्याच्या पैशांतून बापासाठी गाडी घ्यायची, आणि ती कशासाठी घेतोय हे त्याच्यापासून झाकून ठेवायचे. ओले धान्य मीही राशीखालीच ठेवले होते.

"कागद ले," अब्बा म्हणाले. "मै बोलता, तू लिख. गाडीके साथ देंगे."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. १४ कलमे झाली. शेवटची तीन चांगल्या गोष्टींची: गाडीचा सांगाडा सरळ आहे, अपघात झालेला नाही, गिअरबॉक्स उत्तम. ऐब सांगायचा तर गुणही लपवू नये, असे त्यांचे म्हणणे. खाली मी लिहिले, 'तपासणी करणार', त्यापुढे त्यांचे नाव, आणि त्यापुढे 'मोटार मिस्त्री, मिरज'.

अब्बांनी चष्मा वर सारून कागद वाचला. शेवटच्या ओळीवर ते क्षणभर थांबले, १९८६ साली थांबले होते तसेच. मग सही केली.

घरी येताना रिक्षात मी म्हणालो, "अब्बा, आठवीत मी फॉर्मवर..."

"मालूम है," त्यांनी मला पुढे बोलू दिले नाही. "बच्चा था तू."

गाडी महिनाभराने कोल्हापूरच्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाने नेली. कागद वाचून त्याने दलालापेक्षा वीस हजार कमीच दिले, असे डॉक्टरसाहेबांच्या मुलाने फोनवर सांगितले; पण त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. अब्बा-अम्मीचे पासपोर्ट तयार झाले आहेत. फॉर्म मीच भरले.