पाहुणा कोण, घरचा कोण?

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही उभयतां न्यू जर्सीला लेकीकडे गेलो होतो. बडोद्याचा उन्हाळा चुकला, पण पहाटे उठायची सवय काही सुटेना. चहा घेऊन खिडकीशी बसलो, की समोरच्या हिरवळीवर काळे पक्षी तुरुतुरु चालताना दिसत. चाल थेट आपल्या साळुंकीची! अंगावर मात्र हिरवी-जांभळी झाक आणि चोच पिवळीधमक. "अरे, ही तर आपल्याकडचीच!" असे आम्ही म्हणताच चौथीतली नात म्हणाली, "नाही आजी, ते स्टार्लिंग आहेत. ते इथले नाहीत, बाहेरचे आहेत."

तिला हे शाळेत शिकवले होते. मग आम्हीही वाचून काढले. हा पक्षी मूळचा युरोप-आशियातला. १८९० साली यूजीन शिफेलिन नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे ६० आणि पुढच्या वर्षी आणखी ४० पक्षी सोडले. शेक्सपिअरच्या नाटकांतला प्रत्येक पक्षी अमेरिकेत असावा म्हणून त्यांनी हे केले, अशी गोष्ट सांगतात; पण तिला पुरावा सापडत नाही. १९४०च्या दशकात हे पक्षी थेट कॅलिफोर्नियापर्यंत पोहोचले. आज तिथे त्यांची संख्या कोट्यवधी आहे.

जावईबापूंनी मागच्या अंगणात ब्लूबर्ड या निळ्या पक्ष्यासाठी लाकडी खोके लावले होते. त्याचे भोक बरोबर दीड इंचाचे. त्यातून ब्लूबर्ड आत जातो, स्टार्लिंगला शिरता येत नाही. भोक मोठे ठेवले तर तो घरटे बळकावतो. हे सगळे समजावून नातीने हळूच विचारले, "आजोबा, मग आपणपण बाहेरचेच ना?"

आम्ही गप्पच झालो. आमचे पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी बडोद्यास आले. चार पिढ्या झाल्या, तरी "मूळचे कुठले?" हा प्रश्न आम्हाला अजून विचारला जातो. त्या दिवशी खाऊचा डबा पुढे करून आम्ही वेळ मारून नेली, पण मनाला ते लागून राहिले.

घरी परतल्यावर जगातल्या १०० उपद्रवी परक्या जीवजातींची २००० सालची एक यादी वाचनात आली. तिच्यात पक्षी तीनच. एक स्टार्लिंग. उरलेले दोन कोण? आपली साळुंकी आणि आपला लालबुड्या बुलबुल! किडे खाईल म्हणून साळुंकी १८६०च्या दशकात मेलबर्नला नेली. तिथे ती आता पोपटांच्या ढोल्या बळकावते.

मग नातीला पत्र लिहिले: "बाळ, इथे घरची असलेली साळुंकी तिथे परकी ठरली. तिला तिथे नेले माणसानेच. पक्ष्याला दुसऱ्याची ढोली ओळखता येत नाही, म्हणून भोक लहान ठेवावे लागते. माणसाला ती ओळखता येते. जिथे राहू तिथल्यांची जागा न बळकावता राहिलो, तर ते घर आपलेही होते. तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस."

आमच्या गॅलरीत रोज साळुंक्या येतात. शेजारच्या बेन त्यांना काबर म्हणतात, आम्ही साळुंकी म्हणतो. त्या दोन्ही घरचे दाणे टिपतात.